खाच

कऱ्हाडला मंडईमागं दस्तगीरचाचा निशाणं शिवतो.
कमिटीची माणसं येतात, कागद पसरतात:
वर सूर्य, मधे गड, खाली दोन्ही नद्या,
जमलं तर ऊसपण.
चाचा टाचणी दातांत धरून ऐकून घेतो.
मग म्हणतो, वर गेल्यावर एवढं
वाचतंय कोण?
रंग दिसतो. आन् खाच.

वारा टोकाकडनंच फाडत येतो,
म्हणून त्याचं त्याला
आपणच आधी कापून द्यायचं,
कडेला दुहेरी टीप मारून.

कापलेला तिकोना तो टाकत नाही.
एक आमच्याकडं आहे.
आई त्यानं पातेलं उतरवते;
हळदीनं, धुरानं
मूळचा रंग आता सांगता येत नाही.

सदाशिवगडावर निशाण ताठ झालं की
खाचेतनं आभाळ दिसतं,
आमच्या फडक्याएवढं.