सतरा नंबर

एप्रिलात आगरवाड्याला दुपारी कोणी बाहेर नसतं.
मिठागरात पाणी आटत असतं, तेवढीच हालचाल.
मी माडाच्या सावलीत, रिकाम्या पोत्यावर फतकल मारून,
गाडीचं डावं चाक काढून बाजूला निजवलेलं,
मागच्या चाकांना दोन-दोन चिरे.
(गाडीखाली चिरा ठेवू नये. चिरा म्हणजे शेवटी माती,
कधी बसेल सांगता येत नाही.
खाली लोखंडी स्टँडच हवा. एवढं मला येतं.)

ब्रेक महिनाभर रडत होता.
चोपड्याच्या उतारावर तर असा,
की पसऱ्यासमोरची कुत्री उठून उभी राहायची.
गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला. मी म्हटलं, बघू,
आणि म्हापशाहून पॅड आणले, डिस्क आणल्या,
सोबत थोडी गुर्मीही. ती फुकट मिळाली.

वरचा बोल्ट सुटला. त्याचं काही म्हणणं नव्हतं.
खालचा, सतरा नंबरचा,
मुठीएवढ्या अंधारात तोंड फिरवून बसलेला,
तो हलेना.

तेल पाजलं. थांबले.
हातोडीनं टिचक्या मारल्या,
दार वाजवावं तशा, फोडावं तशा नाही.
परत तेल. चहा. परत तेल.
पान्याला बाबांच्या जुन्या पंपाचा पाइप अडकवला,
सगळं अंग टाकलं.
गाडी डुलली, मी घसरले, बोटाचं साल निघालं.
बोल्ट तसाच.
त्याच्या अंगावर तांबूस पापुद्रे,
खाडीवरून पहाटे येतो त्या वाऱ्याचे.
बिजागऱ्या, सायकल, शिवणयंत्राचं चाक,
सगळ्यांचा त्यानं एकेक घास घेतलाय.

चारच्या सुमाराला इनास आला, शिवोलीचा,
माडांच्या मुळांत घालायला दोन पोती मीठ न्यायला.
तीस वर्षं तारवटी, बोटीच्या इंजिनाशी.
उकिडवा बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला.
"कितलो वेळ?"
"दोन तास."
"बाय, तूं ताका टायट करता."

मी पान्याकडे बघितलं.
बोल्टचं डोकं पलीकडे, गाडीच्या पोटाकडे,
मी अलीकडे,
म्हणजे माझं डावं ते त्याचं उजवं.
दोन तास, बोटाचं रक्त देऊन,
मी त्याला बजावत होते: सुटू नकोस.

इनास हसला नाही.
(त्याबद्दल नंतर एक पायली जास्त घातली.)
म्हणाला, "जाता. म्हजेकडेनूय जालां."
मग बोल्टकडे हनुवटी करून,
"आनी तो बेगीन सुटचो ना.
तुमचेंच मीठ खालां न्हय ताणें?"

खाल्ल्या मिठाला जागणारा.
घरातले बाकी सगळे केव्हाच सुटले होते.

तेल पुसलं. गॅसची बत्ती पेटवली.
बोल्ट नको, त्याच्या भोवतीचं लोखंड तापव,
इनास पुन्हा पुन्हा सांगत होता,
आणि रबरापासून लांब.
मग पाइप. या खेपेला उलट,
म्हणजे सुलट,
म्हणजे त्याच्या बाजूनं.

टक्क.

दोघेही थांबलो.
सुटल्याचा आणि तुटल्याचा आवाज
पहिल्या क्षणी सारखाच असतो.
पाना फडक्यात धरून हळूच पुढे नेला:
डोकं अजून धडावर, आणि फिरतंय,
पोळलेल्या जिभेसारखं, जपून.

बाहेर आला तेव्हा तो एवढासाच होता.
बशीत ठेवला. निवेपर्यंत इनासनं विडी ओढली.

तारेच्या ब्रशनं आटे घासले,
चिमूटभर ग्रीस लावलं.
चार-पाच वर्षांनी इथे कोणीतरी हात घालेल,
कदाचित मीच, तेव्हाच्या गुडघ्यांनिशी.
त्या हाताला शिव्या कमी द्याव्या लागोत.

पोती डिकीत घालून इनास गेला.
सहा वाजत आलेत.
मिठागरात कोणीतरी फावडं ओढतंय.
उजवं चाक अजून बाकी आहे.
तिकडेही उलटंच, की उलट्याचं उलट,
हे त्याला विचारायचं राहिलं.