बारावी बोट

धक्क्याच्या टोकाला तिपाई रोवून
मी अकरा बोटी मोजल्या.
पुन्हा मोजल्या. अकराच.
होक्काइदोच्या या अंगाला नोव्हेंबर म्हणजे
माकुळांचे शेवटचे दिवस,
बोटीबोटीवर दिव्यांची माळ,
इतकी पांढरी, की समुद्राच्या काठाला
कुणी सुईनं भोकं पाडलीयत.

वीस सेकंद पडदा उघडा.
वीस सेकंद मी श्वाससुद्धा बेतानं घेतला.
वारा तिपाईचे पाय चाचपत होता.
मग कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र उमटलं
आणि त्यात बारा.

बारावी आभाळात होती.
हिरवट, उलटी,
चिमणीएवढी.

नुकुई मास्तर खिळे-मोळे विकतात
आणि दुकान बंद झालं की फोटो शिकवतात.
म्हणाले होते: चित्राच्या मधोमध टाचणी टोच.
दिवा जितका खाली डावीकडे,
भूत तितकंच वर उजवीकडे.
घाबरू नकोस, भुताचा पत्ता भूमितीत असतो.

टाचणी टोचली, मनातल्या मनात.
बरोबर. सगळ्यांत जवळच्या बोटीचं भूत.
टोपी आडवी धरून पाहिली, उगाच.
दिवाच चौकटीत उभा असेल
तर टोपी कुणाला थोपवणार?
भिंगापुढची ती सपाट काच काढायला हवी,
तीच आरसा होते.
पण आट्यांत खार बसलेला,
आणि माझी बोटं गारठून लाकूड झालेली.

त्यात धक्क्यावरच्या दिव्यातून
एक उभी रेघ थेट वरपर्यंत गेलेली.
तो मात्र माझाच दोष.
संध्याकाळी मफलरनं काच पुसली होती, आडवी;
उजेड पुसल्या रेघेच्या काटकोनात पळतो,
हेही मास्तरांनी सांगितलं होतं,
तेव्हा मी बिजागऱ्या मोजत होतो.

हात्सुए काकू माकूळ सोलून परतत होत्या,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे.
दोरीचा चष्मा नाकावर चढवून
त्यांनी चित्रातल्या बोटी मोजल्या, ओठ हलवत.
आणि आभाळाशी थांबल्या.
'ही कुणाची?'

गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
सहा वर्षांपूर्वी कोणती बोट आली नाही.
माझ्याकडे एक वाक्य तयार होतं,
चांगलं होतं, जरा जास्तच चांगलं.
ते गिळून म्हणालो,
'कुणाचीच नाही. काचेत उजेड उलटलाय.'

'हं,' त्या म्हणाल्या.
'आमच्या बोटीचा डावीकडून तिसरा दिवा
कायम बंद असायचा.
बदला म्हटलं की म्हणायचे, माकुळांना मोजता येत नाही.
हिचे सगळे लागलेत.
पुसून टाक.
संस्थेच्या कॅलेंडरात बारा छापल्यास
तर विमेवाला फोन करेल.'

मी खार बसल्याचं सांगितलं.
त्यांनी हातमोजा पँटीला पुसला,
काचेची कड धरली,
बरणीचं झाकण असावं तशी
एका पिळात फिरवली.
काच माझ्या खिशात टाकली
आणि निघाल्या. बुटांचा चपक् चपक् आवाज
बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू येत राहिला.

पुन्हा वीस सेकंद.
अकरा. आभाळ कोरं, काळं,
त्यात एकही कुणाचं काही नाही.

घरी मोठं करून पाहिलं
तेव्हा जवळच्या बोटीतून
केसाएवढी तिरकी रेघ निघालेली दिसली.
भिंगाच्या कडेला माकुळाचं तेल,
अर्ध्या अंगठ्याएवढं.

मास्तर म्हणाले, घालवता येते, दोन मिनिटांचं काम.
मी हो म्हणालो.
डिसेंबरच्या पानावर ती आहे तशीच आहे.
अजून कुणी विचारलेलं नाही.