कर्मकर्तरी

दर गुरुवारी, साडेअकराला.
गुरुवार म्हणजे वीज नसण्याचा वार.
मॅडमच्या खोलीत पंखा थांबलेला,
खिडकीपाशी दोन खुर्च्या
उजेड सरकेल तशा सरकवलेल्या.

दहा हजार शब्द. श्रेयांक चार.
विषय आपला आपणच शोधायचा, ही पहिली शिक्षा.
माझे तीन पडले.
एकाला दिलनवाज मॅडम म्हणाल्या, यावर कपाट भरलंय.
दुसऱ्याला, हा विषय नाही, ही तक्रार आहे.
तिसऱ्याला काहीच म्हणाल्या नाहीत,
चष्मा पुसत बसल्या.

मग जयकर ग्रंथालयात, तळाच्या फळीवर,
वाळवीनं जाळी केलेली एक कादंबरी सापडली.
कुण्या कॅप्टनच्या बायकोनं
खडकीच्या बंगल्यात बसून लिहिलेली;
शेवटचा शिक्का एकाहत्तर सालचा.
तिच्यात चहा आणला जातो.
सारखा आणला जातो.
दिवे लावले जातात, पडदे ओढले जातात,
घोड्याला पाणी दाखवलं जातं,
आणि हात म्हणून कुणाचा दिसत नाही.

मी मोजलं. एकशे बारा वेळा.
वहीच्या मागच्या पानावर
दुधाचा हिशेब मांडतात तशा
पाच-पाच रेघांच्या जुड्या.

"मोजलंस, छान. मग?"

तो 'मग' घेऊन मी औंधपर्यंत चालत गेले.

वाक्यं मराठीत आणून पाहिली.
चहा आणला गेला. दिवा लावला गेला.
आपल्याकडे अशा वाक्यात कुणाला तरी जावंच लागतं.
आणणारा आला तसा गेला,
वाक्याच्या उंबऱ्याला पाय न लावता.
भोरच्या शाळेत साबणे सर याला कर्मकर्तरी म्हणायचे.
दोन मार्कांना हमखास.

मार्चमध्ये पहिला खर्डा परत आला.
मॅडम शिसपेन वापरतात, लाल शाई त्यांना ओरडल्यासारखी वाटते.
पहिल्याच पानावर एक गोल:
'असे दिसून येते.' समासात बारीक अक्षरात: कुणाला?
'असे मानले जाते.' कोण मानतं?
'याचा विचार केला गेला आहे.'
कधी? मला नाही सांगितलंस.
चाळीस पानांत सत्तावीस गोल.
तेही मोजले, आता सवयच लागलेली.

"मी म्हण की गं."

मी.
घरी ज्याच्यासाठी टपली बसायची तो शब्द.
इंग्रजीत तर तो एकट्या अक्षराचा,
ताठ,
वाक्याच्या मधोमध आला तरी टोपी न काढणारा.
वसतिगृहात रात्री तो टाइप केला, पुसला, टाइप केला.
पुसला की त्याच जागी कर्सर उभा,
त्याच्याच अंगकाठीचा,
लुकलुकत.

पुढच्या गुरुवारी पाच पानं नेली,
पाचही पानांत तो, मोजून सहा ठिकाणी.
मॅडम वाचत होत्या. बाहेर कुणी पाचोळा जाळत होतं,
म्हणजे पाचोळा जळत होता, असं मी मनात म्हटलं
आणि स्वतःलाच थांबवलं.

"चहा आला," मॅडम पानावरून नजर न काढता म्हणाल्या.

आला.
मराठीत तर कर्मकर्तरीचीही गरज नाही,
चहा स्वतःच्या पायांनी जिना चढतो,
टेबलाच्या कडेला येऊन उभा राहतो.

दोघींनी एकदमच वर पाहिलं.
दाराचा पडदा अजून हलत होता.

"मॅडम, त्यांचं नाव काय हो?"

नऊ वर्षं त्या याच खोलीत बसतात.
चष्मा काढला. पुसला. घातला नाही.

मी जिन्यात गाठलं.
पायऱ्या उतरताना ट्रेमध्ये किणकिणणारे
वरच्या मजल्यावरचे उष्टे कप,
निळ्या साडीच्या खांद्याला लावलेली सेफ्टी पिन.
"मावशी, तुमचं नाव काय?"
त्या थांबल्या. ट्रे पोटाशी धरला.
"कशाला?
काय तक्रार हाय का?"

वर वीज लवकर आली असावी.
पंखा फिरल्याचा, पानं उडाल्याचा आवाज आला,
आणि मॅडमचा: "अगं, धर, धर!"