पितळेची पिन

सारडा सर्कलच्या भंगारात ती किलोवर मिळाली.
साडेसतरा किलो. त्यात तीन किलो चिखल आहे, मी म्हणालो,
आणि भंगारवाल्याने चिखलाचेही पैसे लावले.

इसाक मिस्त्री दूधबाजारातल्या ओट्यावर बसून
नुसतं फ्लायव्हील चाचपत राहिला.
"जाम आहे. मेलेली नाही."
मग पंधरा दिवस, रोज संध्याकाळी,
प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल
चमचा चमचा,
आजाऱ्याला पेज घालतात तसं.

फ्लोट कॉर्कचा, भिजून जड झालेला.
नवा कुठला? कंपनीच केव्हाची बुडाली.
मेहुणी गंगापूर रोडला वायनरीत बाटल्यांना लेबलं लावते,
तिने पिशवीभर बुचं आणली.
दोन चिकटवून, घासून घासून एक जमला,
वर लाखेचे दोन हात.
पेट्रोलला द्राक्षांचा वास येतोय, मी म्हणालो.
मिस्त्री म्हणाला, आधी नाकातला प्लग साफ कर.

पंपाचं रबर पिंपळगावच्या माणसाने पाडून दिलं,
एरवी तो द्राक्षबागेच्या ब्लोअरचे वायसर पाडतो.
पॉइंटची फट मात्र मिस्त्रीने
फिलरगेज असतानाही
पोस्टकार्डाच्या कोपऱ्याने मोजली.

झाकणाच्या आतून कुणीतरी खिळ्याने कोरलेलं:
प्लग बदलला. आवाज बरा.
गियर ऑइल दुधाळ, सील बघणे.
प्लग बदलला.
आणि सगळ्यात खाली: दोरी नवी आणणे.
दोरी आलीच नव्हती.
तुटलेलं टोक अजून आत गुंडाळलेलं.
पाटबंधारे खात्याचा कोण हा माणूस,
बदली झाली, की रिटायर,
की एका सकाळी नुसताच आला नाही?

पिनवरून आमचं भांडण झालं.
अंबडला, माझ्या लेथवर, मी स्टीलची पाडलेली,
केसाचाही फरक नाही.
मिस्त्रीने ती सरळ गटारात टाकली.
"पितळेची कर. ही मोडायसाठीच असते."

मे महिन्यात, धरण उतरलेलं असताना,
काळू गांगोडेच्या होडीला बांधून तिला पाण्यात घातली.
पाचव्या ओढीला पेटली.
मागून करंगळीएवढी धार सुटली,
मिस्त्रीने तिच्याखाली हात धरला, बराच वेळ.
"कोमट. ताप नाही."
पाणकावळे उडाले. निळा धूर मागे लोंबत राहिला.
सात मिनिटं.
मग पाण्याखालच्या कुणाच्यातरी जुन्या भिंतीवर
पंखा आपटला.

टक्.

मोटर मोकाट किंचाळली, होडी जागच्या जागी.
पिनेचे दोन तुकडे.
गियरचा एकही दात गेला नव्हता.

मिस्त्रीने हँडलखालची टेप उकलली.
चार पिना, माझ्याच हातच्या, पिवळ्या.
एक माझ्या तळव्यावर ठेवली.
"बसव. घाई नको. काळू वल्हवतोय."

रात्री झाकण उलटं मांडीवर घेऊन
मी खिळा शोधला.
त्या माणसाच्या ओळीखाली जागा होती.

दोरी आणली.
पिन गेली, एक.
आवाज बरा.