बर्फाचं काम कोण करणार

स्वयंपाकघरात सध्या माझी चार पुस्तकं पालथी पडलीत.
एक मधमाश्यांचं: थंडीत त्या कशा थरथरून ऊब धरतात.
एक गवताच्या मुळांचं, तीन आठवडे पान एकोणचाळीसवर.
एक रहस्यकथा, खुनी कळलाय तरी सोडवत नाही.
आणि चौथं ग्रंथालयाचं, मुदत उलटून गेलेलं:
अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीतलं वादळ,
इथलंच, डकोटातलं,
आमच्या खिडकीतून दिसते त्याच सपाटीवरचं.

सकाळी छान ऊन होतं म्हणे.
कितीतरी मुलं कोट न घालताच शाळेला गेली.
मग आभाळ आडवं धावत आलं.
एवढंच मी मुलांना वाचून दाखवलं.
पुढची पानं रात्री, एकटीच,
भांडी निथळत असताना.

तर आता नाटक. शनिवारी, चर्चच्या तळघरात.
ट्रॅक्टरच्या दुकानातला माणूस खुर्च्या देणार आहे
आणि म्हणून त्याला पहिल्या रांगेत बसायचंय.
मुलं आमची तीन, शेजारच्या फोक्टांची दोन
(शेजारी म्हणजे सहा मैलांवर).
पाचांतल्या एकानंही शाळेचा उंबरा ओलांडलेला नाही
आणि पाचांनाही शाळेतलीच मुलं व्हायचंय.
"बाकावर बसून करायचं काय असतं?" रूबेन विचारतो.
हात वर करायचा, मी म्हणते.
"कशासाठी?"
मला पटकन सांगता येत नाही.

शिक्षिका टिल्डा. वय अकरा.
पुस्तकातल्या तरी कुठे मोठ्या होत्या,
कुणी सतरा, कुणी एकोणीस.
माझ्या राखाडी स्कर्टला कमरेत सात पिना लावून
ती वाळणाच्या दोरीनं वर्गाला एकमेकांशी बांधते
आणि गाठ घट्ट आहे का ते
दातांनी ओढून बघते.

मरायला सगळे तयार.
रूबेन कालपासून तीनदा गोठून मेला,
दर वेळी आधीपेक्षा सावकाश.
ओरिन फोक्टला मरतानाही भाषण हवंय.
जुनी उशी फोडली, पिसं बादलीत भरली,
कुत्र्याला शिंकांवर शिंका,
आणि तेव्हा कुठे लक्षात आलं:
बर्फाचं काम कोण करणार?

कुणालाच नको. बर्फाला वाक्य नाही.
शेवटी इंगा, सव्वापाच वर्षांची,
अंगावर पलंगपोस, डोळ्यांपुरती भोकं,
नको म्हणायच्या आत उभी करून टाकलेली.
तिला एवढंच सांगितलं:
वाट पुसायची, आणि जो दोरीतून सुटेल
त्याच्यावर पिसं टाकत राहायचं.

तालमीत रूबेन सुटला. हेलपाटला. पडला.
इंगानं बादली खाली ठेवली.
पलंगपोसातून हात बाहेर काढला,
त्याला उठवलं आणि सरळ
स्टोव्हपाशी आणून बसवलं.

"बर्फ असं करत नाही!" टिल्डा ओरडली.
"पण मला तो दिसला ना."
"बर्फाला दिसत नसतं."
"दिसतं. सगळे दिसतात.
तुम्हालाच काही दिसत नाही."

झालेलं बदलता येत नाही, टिल्डा म्हणाली,
आणि हे वाक्य माझंच, गेल्या सोमवारचं,
इतिहासाच्या तासाला मोठ्या रुबाबात टाकलेलं.
पाचही जण माझ्याकडे बघू लागले.
मी म्हटलं, सूप उतू जातंय.
ते जात नव्हतं.

रात्री पुस्तक पुन्हा उघडलं.
शेवटी यादी आहे, नाव, वय, कुठे सापडले ते.
वयाच्या रकान्यावर मी बोट ठेवलं
आणि पाचाच्या अलीकडेच थांबले.
पुस्तक मिटलं. माश्यांचं उघडलं.
पोळ्याच्या मधोमध राणी, भोवती गोळा झालेल्या सगळ्या,
बाहेरच्या आत येतात, आतल्या बाहेर जातात,
कुणीही कडेला फार वेळ राहत नाही.

संहितेत शेवटचा प्रसंग मी पेन्सिलीनं खोडलाय.
वर दुसरं काही लिहिलेलं नाही अजून.
दोरी परत तिच्या खुंट्यांना गेली,
गाठी कुणी सोडल्या नाहीत,
दर दोन गाठींमध्ये एकेक मोजा,
दहा मोजे, अजून ओले.