पिंजरा

चारशे सतरा. डाव्या कानाला दोन भोकं.
सकाळी त्याचं स्वादुपिंड काढलं;
मिठाच्या खड्याएवढी गाठ.

भिंगाखाली टी-पेशी हिरव्या चमकत होत्या,
सगळ्या गाठीच्या काठाला.
आत एकही नाही.
निवृत्तीमामा खाद्याची बादली घेऊन मागून डोकावले,
"राखणदारच ना हे?
मग उंबऱ्यावर काय बसलेत?"
मी वहीत लिहिलं : आत शून्य.

पाषाणहून निघताना आईचा फोन.
"सापडलाय एकदाचा. तुला सवय आहे,
आलीस की तूच सोडून ये."

कालव्याच्या कडेला पिंजऱ्याचं दार वर केलं.
तो बाहेर येईना.
भज्याच्या तुकड्यावर पाय ठेवून
माझ्याकडे बघत राहिला.

मी वाकले, आणि आधी
त्याचे कान पाहिले.