हातचा

टेपवरची खरखर काढायला
हेल्वी रान्तिलाने मला एकशेवीस युरो दिले,
आणि आज, काम संपता संपता,
मी तिच्यादेखत पुन्हा खरखर घालतोय.
"हे काय रे?"
एक्याऐंशी वर्षांची. अंगातला कोट काढलेला नाही.
टेबलाखाली नुप्पू, तिची कुत्री, झोपेत.

राउमा, ऑगस्ट. खिडकीबाहेर लाकडी घरं,
बंदराकडून डांबराचा वास.
टेपवर तिचा नवरा आहे, व्हेइक्को:
छत्तीस तारांचं कांतेले, मांडीवर, स्वयंपाकघरात.
शेवटची तार छेडून तो हात उचलतो
आणि तार विझत जाते. नऊ सेकंद.
त्या नऊ सेकंदांसाठी ही बाई दोन बस बदलून आली आहे.

चोवीस बिटांत ती तार शेवटपर्यंत आहे.
सीडीला सोळाच चालतात.
खालचे आठ खुडून टाकायचे,
शेपूचे देठ खुडावेत तसे.

आधी मी तिला नुसतं खुडलेलं ऐकवतो.
आवाज खूप मोठा करून.
तार उतरते, तळाशी येताना
पायरी-पायरी होते, दाताखाली वाळू आल्यासारखी,
अडखळते,
मग दगड. शून्य.
शांतता नव्हे. शांततेला भिंती असतात, खिडकी असते.
"मेला," हेल्वी म्हणते. "दुसऱ्यांदा."

मी समजावू पाहतो.
सगळ्यात खालची पायरी म्हणजे एक.
तारेत उरलाय जेमतेम पाव.
पावाला एक कोण म्हणणार? दर वेळी शून्यच मांडलं जातं.
दुकानात सुटे सेंट सोडून देतात, तसं.
"एक-दोन सोडतात," ती म्हणते,
"तीन झाले की पाच घेतात."
चाळीस वर्षं लेस विकली आहे तिने.

म्हणून फासे.
प्रत्येक नमुन्याआधी दोन टाकायचे,
बेरीज मिसळायची, मग पूर्णांक करायचा.
सेकंदाला चव्वेचाळीस हजार एकशे वेळा.
कधी एक पडतो, कधी शून्य, कधी उणेसुद्धा,
पण सरासरी काढली तर पाव तो पावच.
एका फाशाने भागत नाही: खरखर तारेच्या मागे मागे
फुगते, ओसरते, सुस्कारे टाकते.
दोन असले की जागची हलत नाही.

"व्हेइक्को रोज सकाळी
बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारायचा," ती म्हणते.
"काटा अडून बसायचा.
टिचकी मारली की खरं बोलायचा."

पंधरा वर्षं मी हे तुर्कूला शिकवतोय.
टिचकी मला सुचली नाही.

उरला आकार.
पूर्णांक करताना जे सांडतं ते टाकायचं नाही.
हातचा धरायचा,
पुढच्या नमुन्यात वळता करायचा,
त्याचं सांडलेलं त्याच्या पुढच्यात.
देणं फिटत नाही. खरं सांगायचं तर थोडं वाढतंच.
फक्त बिऱ्हाड हलवतं:
कान जिथे हळवा असतो, तीन-चार हजारांच्या आसपास,
तिथून उठून
पंधरा हजारांच्या वर राहायला जातं.
हेल्वीचा कान तिथवर पोचत नाही.
माझाही आता फारसा नाही.

आणि हे एकदाच करायचं, अगदी शेवटी.
एका चर्चच्या कोरससाठी माझ्या हातून दोनदा झालं होतं.
कुणाला कळलं नाही.
मी ती सीडी लावत नाही.

हेडफोन तिला नको आहेत. स्पीकरवर लावतो,
आवाज तेवढाच मोठा.
तार उतरते. खाली, अजून खाली,
खरखरीच्या आत,
धुक्यात शिरलेल्या होडीसारखी:
होडी दिसत नाही, वल्ह्यांचं पाणी ऐकू येतं.
सातवं सेकंद. आठवं.
मागे कुठेतरी खुर्ची करकरते,
जी मी इतक्या दिवसांत ऐकली नव्हती.

टेबलाखालून नुप्पू उठली आहे.
एक कान ताठ, नजर स्पीकरच्या वरच्या टोकाला.
"काय आहे तिथे?" हेल्वी विचारते.
"उधारी," मी म्हणतो.
ती पाकीट उघडू लागते.